माडाचा रकाना

जयवंत धुरीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं हेरंब परुळेकर स्वतःला सांगत. पण ते काही खरं नव्हतं. राहून जातो तो डॉक्टरकडचा फेरा, किंवा छत्रीला घालायचा टाका. हे पत्र तीन वर्षं टेबलाच्या खणात पडून होतं आणि खणातून चष्म्याचं फडकं काढतानासुद्धा हेरंबकाका त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

दोघांचं बालपण परळच्या एकाच चाळीत गेलेलं. हेरंबकाका सतरा नंबरच्या खोलीत राहिले ते राहिलेच. गिरगावातल्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही वर्तमानपत्र हातात पेन्सिल घेऊनच वाचत राहिले. जयवंत गिरणीत फिटर होता. संपानंतर तो मस्कतला गेला आणि म्हातारपणी मुलीकडे, मृणालिनीकडे, कॅलिफोर्नियात. जयवंतला ऐकायला कमी येई, त्यामुळे फोनवर दोघांचं कधी जमलं नाही. हेरंबकाकांना ते सोयीचंच वाटे. बोलण्यापेक्षा त्यांना लिहिणं बरं वाटायचं, आणि लिहिण्यापेक्षा दुसऱ्यानं लिहिलेलं वाचणं.

त्या पत्रात जयवंतनं मृणालिनीच्या घरामागच्या दोन झाडांबद्दल लिहिलं होतं.

"हेरंबा, इथे डोंगरात आमच्या मागच्या अंगणात दोन शुगर पाइन आहेत. मी त्यांना साखऱ्या म्हणतो. खोडाला जखम झाली की चीक येतो आणि वाळला की खडीसाखरेसारखा लागतो. जास्त खाल्ला तर पोट साफ होतं, हे मृणालिनीनं मला मागाहून सांगितलं. ह्याचं बोंड हातभर लांब. डोक्यात पडलं तर माणूस कामातून जाईल, तेवढ्यापुरता हा आपल्या माडाचा भाऊ शोभतो. लाकूड मऊ आणि सरळ. इथल्या लोकांनी त्याच्या दारं-खिडक्या केल्या, फळांच्या पेट्या केल्या. पण धीर केवढा लागतो बघ. नीट फळायलाच ऐंशी-शंभर वर्षं घेतो. आईच्या माडानं सातव्या वर्षी फुलोऱ्याची पहिली पोय टाकली होती, आठवतं?"

आठवत होतं. जयवंतची आई कमळाबाई गिरणीत कामाला होती. एका मे महिन्यात गावाहून येताना तिनं कोंब फुटलेला नारळ ओच्यात घालून आणला आणि चाळीच्या अंगणात, नळापासून दहा पावलांवर, खड्ड्यात मीठ घालून लावला. पोरं तेव्हा शाळेत होती. पुढे माड चाळीच्या कौलांवर गेला, आणि कमळाबाईनंच एक रीत घालून दिली: ह्या माडाचे नारळ विकायचे नाहीत. गणपतीला चोवीस खोल्यांत चोवीस नारळ जायचे, घरात गणपती असो नसो. खोलीतला माणूस मुसलमान असला तरी त्याच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला जाई आणि तोही कौतुकानं उचलून घेई. कमळाबाई गेली, जयवंत मुलीकडे अमेरिकेला गेला, जाताना तो हेरंबकाकांना म्हणाला होता, "माड तुझ्याकडे." त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती.

पत्रासोबत एक वेगळा कागद होता. जयवंतनं फुटपट्टीनं रेघा मारून त्यावर दोन रकाने पाडले होते. डावीकडे वर लिहिलं होतं 'साखऱ्या', उजवीकडे 'माड'. कडेनं खाली एकेक बाब: आयुष्य, पाणी, रोग, छाटणी, उपयोग. डावा रकाना त्यानं भरला होता. उजवा मोकळा. "हा तू भर. मृणालिनीला दाखवायचाय, आपण कोणत्या झाडाखाली वाढलो ते. तुझं अक्षरही बघायला मिळेल."

मोकळा रकाना समोर ठेवून हेरंबकाका बराच वेळ बसले. आयुष्य लिहिता आलं असतं, उपयोग तर पानभर. 'छाटणी'पाशी मात्र पेन अडलं. डावीकडे जयवंतनं मोठं रसाळ लिहिलं होतं: "खालच्या फांद्या पुरुषभर उंचीच्या वरपर्यंत कापून टाकाव्या. तांबेरा रोग जमिनीजवळच्या ओलीतून खालच्याच फांद्यांना आधी धरतो. त्या काढल्या की झाड वाचतं. मी स्वतः करवत चालवली, वय बहात्तर." ह्याच्यासमोर उजवीकडे काय लिहायचं? माडाला तर ते फक्त बघत आले होते. वर्षातून चार वेळा धोंडू येई, चढे, वाळलेलं काढी, नारळ उतरवी. धोंडूच्या कामातलं ह्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आणि नेमक्या त्या साली माडाच्या खालच्या झावळ्यांवर तपकिरी ठिपके आले होते, नारळही कमी धरले होते. हेरंबकाकांनी गॅलरीतून ठिपके पाहिले, कागद पाहिला, आणि त्यांना वाटलं की आपल्यालाही लिहिण्यासारखं काही सापडलं.

धोंडूला त्यांनी निरोप धाडला. तो प्रभादेवीहून आला, पायांत दोराचं कडं अडकवून अर्ध्या खोडापर्यंत पोचला, तेव्हा खालून हेरंबकाका म्हणाले, "धोंडू, आज खालच्या सात-आठ झावळ्या काढ. ठिपक्यांच्या. हिरव्या असल्या तरी काढ."

धोंडू खोडाला मिठी मारून तिथेच थांबला. "हिरवी झावळ कोण कापता, काका? सुकली की ती आपणच सुटतली. माडाची काय हजामत करूची हा?"

"रोग आहे तो. खालून वर चढतो. शास्त्र आहे त्याचं." हेरंबकाकांनी हातातला कागद वर करून दाखवला.

"शास्त्र खंयच्या झाडाचा?" धोंडूनं विचारलं.

गॅलरीत दोन-चार माणसं उभी होती. त्यातली दमयंती, अकरा नंबरची, हसली. आयुष्यात हेरंबकाकांनी कुणाला आवाज चढवून काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले, "तू काप. मी सांगतोय ना."

"हिरव्या जखमेच्या वासाक भुंगो येता," धोंडू वरून म्हणाला. मग त्यानं कापलं.

आठ हिरव्या झावळ्या धपाधप अंगणात पडल्या. हेरंबकाकांनी वर जाऊन उजव्या रकान्यात लिहायला घेतलं, मग विचार केला, दोन महिने थांबू, गुण आला की लिहू. मुद्रितं तपासणारा माणूस, खात्री झाल्याशिवाय छापायला सोडत नाही.

मे महिन्यात खोडाच्या वरच्या अंगाला, कापलेल्या देठांपाशी, लालसर पाणी ओघळलेलं दिसलं. जूनमध्ये धोंडू चढला आणि लगेच उतरला. "सोंड्यो भुंगो," एवढंच म्हणाला. पुन्हा चढून त्यानं भोकात औषध भरलं, मातीनं लिंपलं. हेरंबकाका रोज सकाळी, नळावर गर्दी व्हायच्या आत, खोडाला कान लावत. आत काहीतरी कुरकुरत होतं. ओला पुठ्ठा कुणी सावकाश फाडावा तसा आवाज. गणपतीच्या दहा दिवस आधी, भर दुपारी, माडाचा शेंडा मोडून अंगणात पडला. कुणाला लागलं नाही. माडाला फांद्या नसतात, दुसरीकडून फुटायला जागा नसते. महिनाभर नुसता खांब उभा राहिला, मग महापालिकेची माणसं येऊन तोही घेऊन गेली.

चाळीत चर्चा झाली. "धोंडूच्या हाताला आता यश राहिलं नाही," दमयंती नळावर मोठ्यानं म्हणाली. "औषधच उशिरा घातलंन. दारू पितो की काय कोण जाणे." धोंडू पीत नव्हता. हेरंबकाका बादली घेऊन तिथेच उभे होते. बादली भरली, ते वर गेले. पुढच्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या सोसायटीनं आपल्या दोन माडांसाठी माणूस शोधला, तेव्हा चाळीतल्या कुणीतरी सांगितलं, धोंडू सोडून कुणालाही बघा. तेही त्यांच्या कानावर आलं.

असं ते पत्राचं होतं.

ह्या वर्षी मार्चमध्ये चैत्राली आली. जयवंतच्या भावाची मुलगी, दादरला राहायची, बँकेत होती. सोबत पुरणपोळ्या आणि तोंडावर काळजी.

"हेरंबकाका, तुम्ही जयवंतकाकांवर रागावलात का?"

"मी?"

"परवा मृणालिनीताईशी व्हिडिओवर बोलत होते. काका मागे खुर्चीत. मध्येच म्हणाले, हेरंबाला विचार, माझं काय चुकलं. त्यांना वाटतंय, पत्रात त्यांनी फार अमेरिका मिरवली. तुम्हाला टोचलं असणार. ताई म्हणाली, आठवड्यातून एकदा तरी हा विषय निघतोच. पोस्टमन आला की खुर्चीतून उठून बघतात."

हेरंबकाकांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला, मग पुन्हा थोडा मागे ओढला. तीन वर्षं आपण एका माणसापासून लपतो आहोत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो माणूस तिकडे बसून स्वतःची चूक शोधत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माड गेला हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही," चैत्राली म्हणाली. "आणि तुम्हीपण सांगू नका. मागच्या वर्षीच हृदयाचं ऑपरेशन झालंय त्यांचं. माझ्याकडे माडाचा एक जुना फोटो आहे, मस्त आलाय, नारळांनी भरलेला. मी प्रिंट काढून देते. तुम्ही दोन ओळी लिहा, सगळं ठीक आहे म्हणून. कोण येतंय बघायला?"

"हो," हेरंबकाका म्हणाले. त्यांचं 'हो' नेहमीच लवकर येई.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. हेरंबकाकांनी कागद घेतला आणि लिहिलं, "प्रिय जयवंत, माड ठीक आहे." अक्षर छान आलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. ते त्या चार-पाच शब्दांकडे पाहत राहिले. छापखान्यात त्यांनी हजारो पानांतल्या चुका काढल्या होत्या. पण मजकूर खरा आहे का, हे बघणं त्यांचं काम नव्हतं, आणि त्या आडोशाला त्यांचं आयुष्य आरामात गेलं होतं.

खरं लिहावं, तर आणखी एक भीती होती. जयवंतच्या कागदावरून आपण कोयता चालवायला लावला, हे वाचून तो म्हणेल, माझ्याच कागदानं आईचा माड मारला. त्याच्या नाजूक काळजावर हे कसं घालायचं? हा विचार हेरंबकाकांनी तीन वर्षं जपला होता. जयवंतसाठी आपण गप्प आहोत. पण आज तो विचार इतका सोयीचा वाटला, की त्यांना त्याचाच संशय आला. धोंडूच्या वेळी कुणाचं काळीज नाजूक होतं?

त्यांनी कागद फाडला आणि चपला घातल्या.

धोंडू आता माडावर चढत नव्हता. दादरला, कबुतरखान्याच्या पुढच्या वळणावर, तो शहाळ्यांची गाडी लावायचा. हेरंबकाका दोनदा गाडीवरून पुढे गेले आणि परत आले. तिसऱ्या वेळी धोंडूनंच हाक मारली.

"काका, येरझारा कित्याक घालतास? पाण्याचा देऊ की मलईचा?"

"नको. मी... धोंडू, तुला सांगायला आलोय."

"सांगा."

"चाळीत तुझ्यावर ठपका आला, तेव्हा मी तिथे होतो. मी बोललो नाही. झावळ्या मी कापायला लावल्या, हे मी कुणालाच सांगितलं नाही."

धोंडूनं एका शहाळ्याचं तोंड तीन घावांत उडवलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दिलं. गिऱ्हाईक पिऊन गेलं.

"माका ठाऊक हा तुम्ही नाय बोललास," तो म्हणाला. "सोसायटीवाल्यान माझ्या तोंडावर सांगितला, तुमच्याच चाळीतून कळला म्हणून. तीस वर्सां त्या चाळीत चढलंय. कमळामावशी माका वरून उतरल्यावर च्या देय. एकान पण इचारला नाय, काय रे धोंडू, खरा काय?"

"हो."

"हो काय, काका. तुमी एवढे शिकलेले." कोयत्याला लागलेला गर त्यानं फडक्यानं पुसला. "आणि माझा पण हाच. कोयतो माझ्याच हातात होतो. मी खाली उतरूक होया होतो. तुमची भीड पडली. चांगल्या माणसाची लय भीड पडता, ती वायट."

हेरंबकाकांना वाटलं होतं, तो शिव्या देईल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींची त्यांनी मनात तयारी केली होती. ह्याची केली नव्हती.

"मी जयवंतला लिहिणार आहे," ते म्हणाले. "सगळं."

"मग त्यात माझा एक लिवा." धोंडूनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मी नको म्हणालेलंय, ता लिवा. धोंडून सांगितलेला, तरी कापूक लावला. बाकी काय नको माका. कमळामावशीच्या झिलाक, जयवंताक, तेवढा कळूक होया."

"लिहितो."

"आणि चाळीत?"

हेरंबकाका गाडीवरच्या शहाळ्यांकडे बघू लागले.

"बघा," धोंडू म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. पाणी कधी येणार नाही, सत्यनारायण कुणाकडे, हे त्यावर लिहायचं काम हेरंबकाकांचं, कारण त्यांच्या अक्षराला चाळीत मान होता. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी फळा पुसला आणि खडूनं लिहिलं: "अंगणातला माड धोंडूच्या हातून गेला नाही. हिरव्या झावळ्या कापू नका असं तो म्हणत होता. त्याचं न ऐकता मी कापायला लावल्या, म्हणून भुंगा लागला. – हेरंब परुळेकर, खोली १७." लिहून झाल्यावर ते शेवटच्या पायरीवर बसले.

दमयंती भाजीची पिशवी घेऊन आली. फळा वाचला. पुन्हा वाचला.

"त्या दिवशी मी गॅलरीतून हसले होते," ती म्हणाली. "म्हणजे मीपण ऐकलं होतं की तो नको म्हणतोय. आठवलंच नाही हो मला. नळावर तोंडाला येईल ते बोलले मी त्याला. तुम्ही शेजारी उभे होतात ना, काका? बादली घेऊन?"

"होतो."

"एक शब्द बोलला असतात तर माझ्या तोंडून पुढचं गेलं नसतं."

ती रागावली होती आणि तिचा राग रास्त होता. हेरंबकाकांनी मान हलवली. ती दोन पायऱ्या चढली, थांबली, म्हणाली, "कुठे असतो तो आता?"

"दादरला. शहाळी विकतो."

"बघते उद्या," ती म्हणाली आणि वर गेली.

सकाळी चैत्रालीला त्यांनी फोन केला. फोटो पाठवत नाही, खरं लिहितोय, असं सांगितलं. "काका, त्यांना काही झालं तर?" "तर ते माझ्यावर," ते म्हणाले. "पण तो स्वतःला दोष देत बसलाय, तेही माझ्यावरच आहे." तिनं बरं म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मृणालिनीताईला आधी कळवून ठेवते, पत्र येईल तेव्हा ती जवळ बसेल, एवढंच म्हणाली. हे आपल्याला सुचलं नव्हतं, असं हेरंबकाकांच्या मनात आलं.

मग त्यांनी खण उघडला, जयवंतचा कागद बाहेर काढला आणि उजवा रकाना भरायला घेतला.

आयुष्य: ऐंशी वर्षं जगतो म्हणतात. आपला एकसष्ट जगला. पाणी: आळं करून द्यावं, वर्षातून एकदा मीठ आणि राख. उपयोग लिहिताना रकाना पुरेना, तेव्हा त्यांनी अक्षर बारीक केलं. शहाळं, खोबरं, तेल; सोडणाचा काथ्या; हिरांचे खराटे; आमटी वाढायची करवंटीची डवली, जी कमळाबाईनं चाळीतल्या प्रत्येक सुनेला दिली होती; झावळ्यांचा मांडव, जो जयवंतच्या लग्नात अंगणभर घातला होता. तुझा साखऱ्या दारं-खिडक्या देतो, त्यांनी लिहिलं, आपल्याकडे दारं बंद होत नसत, त्यामुळे आपलं चाललं. रोग: सोंड्या भुंगा. आणि छाटणीसमोर लिहिलं: "करू नये. साखऱ्याच्या खालच्या फांद्या गेल्या तरी वरचं झाड वाढतं. माडाला एकच शेंडा. हिरवी झावळी कापली की तो उपाशी राहतो आणि जखमेवर भुंगा येतो. हे धोंडूनं मला कापायच्या आधी सांगितलं होतं. त्यानं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यानंतर त्यांनी वेगळ्या कागदावर पत्र लिहिलं. माड कोणत्या महिन्यात गेला, कसा गेला, धोंडूवर काय आलं, ते सगळं. शेवटी लिहिलं, "तुझ्या कागदात चूक नव्हती, जयवंता. डावीकडचं मी उजवीकडे केलं. मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो. तुला सांगायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी तुझी काळजी असं नाव दिलं होतं. आईच्या माडाचा मी नीट सांभाळ केला नाही. तू रागावलास तर ते बरोबर आहे. फक्त तुझं काही चुकलं होतं, असं समजू नकोस."

परळच्या पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"अमेरिका. रजिस्टर ना? आत काय आहे?"

"पत्र."

"नुसतं पत्र? आजकाल कोण पाठवतं?" त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं. "पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाहीत, आजोबा."

हेरंबकाकांनी खिशातून पेन काढलं आणि मागच्या बाजूला नाव घातलं, खोलीचा नंबर घातला. पाकीट परत देताना त्यांचा हात क्षणभर रेंगाळला. एकदा उघडून पुन्हा वाचावं, एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, असं मनात येऊन गेलं.

"द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी दिलं. बाईंनी लेबल चिकटवलं, दोन ठिकाणी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.